उपाहारगृहाचा कैवार

बाहेरच्या खाण्याची निंदा करणे हे आपल्याकडे सुसंस्कृतपणाचे एक फार स्वस्त लक्षण होऊन बसले आहे. ज्याला संगीतात गती नाही, वाङ्मयात रुची नाही आणि राजकारणावर बोलण्याचे धैर्य नाही, असा गृहस्थदेखील 'हल्ली लोक फार बाहेर खातात बुवा!' एवढे एक वाक्य उच्चारून कोणत्याही बैठकीत स्वतःची गणना विचारवंतांत करून घेऊ शकतो. त्याच्या या उद्गारावर सगळे माना डोलावतात. आणि बैठक मोडली, की माना डोलावणारांपैकी निम्मे लोक कोपऱ्यावरच्या गाडीपाशी उभे राहून वड्यांचा पुढचा घाणा केव्हा निघतो याची वाट पाहू लागतात. एकाच जिभेने निंदाही करावयाची आणि चवही घ्यावयाची, हा त्या बिचाऱ्या इंद्रियावर केवळ जुलूम आहे. त्या जिभेला थोडा न्याय मिळवून द्यावा, एवढ्याचसाठी हे वकीलपत्र मी घेतले आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट सांगून टाकतो. मिसळ, भजी, भेळ, वडापाव, डोसा, खिमापाव इत्यादी पदार्थ आणि ते जेथे मिळतात ती उपाहारगृहे ही कशीबशी क्षमा करावी अशी एक चैन आहे, असे मी मानीत नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत महाराष्ट्राने परक्या माणसाशेजारी बसून खाण्याचा जो धडा गिरविला, तो त्याने मुख्यतः याच शाळेत गिरविला. तेव्हा जे या संस्थेवर तोंडसुख घेतात, त्यांनी आपण नेमके कशावर घाव घालीत आहो हे एकदा नीट पाहून घ्यावे.

निंदकांचे उघड असे तीन पक्ष आहेत: संस्कृतीचा, गृहसौख्याचा आणि आरोग्याचा. चौथा एक पक्ष आहे, तो आपले नाव सांगत नाही. त्याचा समाचार शेवटी घेऊ.

संस्कृतिपक्षाचे म्हणणे असे की, शिजविलेले अन्न विकत घेऊन खाणे ही आपली रीतच नव्हे. ही इंग्रजी अमदानीची देणगी. या विद्वानांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. नगराच्या व्यवस्थेचे नियम सांगताना शिजविलेला भात विकणारे आणि शिजविलेले मांस विकणारे यांचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे त्या काळच्या नगरात खाणावळवाला होता, आणि राज्यकर्त्याला त्याची दखल घ्यावी लागत होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा जो प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला, त्यात इडरिका, धोसक व वटक यांच्या कृती आहेत. राज्यशकट हाकता हाकता वडे कसे तळावेत याचाही विचार करणारा राजा आपल्या इतिहासात होऊन गेला, ही गोष्ट मला तरी अभिमानाची वाटते. तो राजा संस्कृतीचा वैरी होता असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

आता परकेपणाचा आक्षेप पाहू. पाव परका, बटाटा परका, म्हणून वडापाव परका, असे हे तर्कशास्त्र आहे. मग एकादशीच्या पवित्र दिवशी देवघरासमोर वाढल्या जाणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीचे काय? आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाच्या पिठापासून होतो. तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि कोणी घातलाच तर बटाटा, ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाने १४९२ साली तिकडचा किनारा गाठला, त्यापूर्वी आपल्या कोणाही पूर्वजाने त्यांचे तोंड पाहिले नव्हते. त्यापुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदी किनाऱ्याला लागलेली ही चौकडी बघता बघता सोवळ्यात जाऊन बसली. आणि येथल्या मातीत हजारो वर्षे पिकणारा तांदूळ मात्र त्या दिवशी वर्ज्य ठरला! समुद्र ओलांडून आलेल्यांना देवघरात मान आणि घरच्या धान्याला उंबऱ्याबाहेर उभे करणे, हे जर संस्कृतीला चालते, तर तोच बटाटा पावात शिरला म्हणून ती बुडेल असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

पावाचा तर इतिहासच बोलका आहे. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी पिणारा गावच्या गाव बाटला, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांत खरे किती आणि रचलेले किती, हा प्रश्न बाजूला राहू द्या. परंतु ज्या पावाच्या नुसत्या स्पर्शाने गाव बाटे, तोच पाव आज चिरला जातो, त्याला आतून लसणीची लाल चटणी लागते, पोटात कढत वडा बसतो, आणि तो खाताना कोणाच्याही धर्माला तडा जात नाही. धर्म बुडविण्याच्या कामी हा पाव इतका निरुपयोगी ठरला, की अखेर मराठी माणसाने त्याला आपला मानबिंदूच करून टाकले.

परदेशी साखळी-दुकानांची धास्तीही अशीच पोकळ आहे. १९९६ साली मॅक्डोनल्ड्सने दिल्लीत व मुंबईत आपली दुकाने उघडली, तेव्हा आता भजी आणि भेळ यांची तिरडी बांधावयाची वेळ आली, असे भाकीत करणारे पुष्कळ निघाले. झाले काय? जगभर गोमांसाचे बर्गर विकणाऱ्या त्या दुकानाला येथे गोमांस वगळावे लागले, आणि बटाट्याची टिक्की पावात घालून आपले पोट भरावे लागले. म्हणजे मुंबई जिंकावयास आलेला हा सरदार मुंबईत येऊन बटाटेवड्याचा दूरचा चुलतभाऊ झाला! संस्कृतिपक्षाने येथे खरे म्हणजे विजयोत्सव करावयास हवा होता.

दुसरा पक्ष गृहसौख्याचा. 'घरच्या अन्नाची सर बाहेरच्याला नाही' हे त्याचे घोषवाक्य. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलेले आहे. मात्र ते उच्चारणारांत चुलीपुढे उभे राहून रोज दोन वेळा पोळ्या लाटणारे फारच थोडे आढळले. घरच्या अन्नाचे स्तोत्र बहुधा पाटावर बसलेला गातो. ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती ते निमूटपणे ऐकते. ती 'अन्नपूर्णा' आहे असे म्हटले की तिला रजा, वेतन व निवृत्ती यांपैकी काहीही द्यावे लागत नाही, ही त्या पदवीतली खरी सोय. रविवारी सायंकाळी एखादे कुटुंब डोसे खावयास बाहेर पडते, तेव्हा घराचे घरपण मोडते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या गृहिणीच्या मुद्रेकडे पाहावे. आठवड्यातून एकदा तरी तिच्यापुढे कोणी दुसरे गरम ताट आणून ठेवते, आणि ते थंड होण्यापूर्वी ती खाऊ शकते.

शिवाय, घर ज्याच्यापाशी आहे त्याने घरच्या अन्नाची महती गावी. ज्याचे घर दोनशे मैलांवर राहिले आहे त्याने काय करावे? गिरणगावच्या लक्षावधी कामगारांची बायकामुले कोकणात आणि घाटावर होती. त्यांना जगविले ते खाणावळींनी, आणि त्या खाणावळी चालविणाऱ्या बहुतेक बायका होत्या. सावकाराच्या व्याजाखाली पिचणाऱ्या या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले व त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. स्वयंपाकाला हिशेबाच्या वहीत किंमत लागली की त्याच अन्नपूर्णेच्या हाती भांडवल येते, हे त्या मंडळाने दाखवून दिले. जे काम घरात पुण्य म्हणून खपत होते, ते बाहेर येऊन व्यवसाय झाले. यात घराची हानी झाली असेल, तर ती फक्त फुकट राबवून घेणाऱ्याची झाली.

वडापावाची कथा याच रस्त्यावरची आहे. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकण्यास आरंभ केला, असे सांगतात. एका हाताने खाता यावे, ताट लागू नये, बसावयास जागा लागू नये, आणि लोकल चुकू नये, या चार अटी एकाच वेळी पाळणारा दुसरा पदार्थ शोधून काढणे सोपे नव्हे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील बहुतेकांना यंत्राचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. त्या उद्ध्वस्त संसारांपैकी कित्येकांना कढई, झारा आणि पावाची लादी यांनी तगविले. आजही हे शहर गाडीवरचा वडा आवडीने खाते आणि लगेच रुमालाने तोंड पुसून त्या गाडीला 'अतिक्रमण' म्हणते. पथविक्रेत्यांच्या हक्कांचा कायदा २०१४ साली संमत झाला. परंतु वडा गोड आणि वडेवाला अडचणीचा, हा आपला न्याय काही बदललेला नाही.

तिसरा पक्ष आरोग्याचा, आणि याच पक्षाशी मी थोड्या आदराने बोलतो. कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. वारंवार उकळलेले तेल वाईट, मैद्याचा अतिरेक वाईट, आणि नित्य तळलेले खाणाऱ्याची प्रकृती नीट राहत नाही, हे सर्व मला मान्य आहे. पण या रोगाचे औषध दुकान बंद करणे हे नसून तेल बदलणे हे आहे. कृत्रिम रीतीने घट्ट केलेल्या तेलातून येणाऱ्या घातक चरबीवर, जिला ट्रान्स-फॅट म्हणतात, जानेवारी २०२२पासून आपल्या देशात खाद्यतेलांसाठी व स्निग्ध पदार्थांसाठी शेकडा २ची मर्यादा घालण्यात आली. हा शहाणपणाचा मार्ग. आणि त्याच वेळी हेही आठवावे, की ते वनस्पती तूप केवळ हलवायाच्या कढईत नव्हते. घरोघरच्या फडताळात त्याचे पिवळे डबे मानाने विराजमान होते, आणि दिवाळीच्या करंज्या त्यातच तळल्या जात. घराच्या भिंतींमुळे चरबीचा गुणधर्म पालटत नाही.

उलट ताजेपणाच्या बाबतीत रस्त्यावरचा कारागीर घराला कित्येकदा मागे टाकतो. भेळ हा पदार्थ घ्या. कुरमुरे, शेव, कांदा, कैरी, चिंचेचे आंबटगोड पाणी आणि हिरवी चटणी ही कालवून हातात पडली, की पाच मिनिटांच्या आत ती खाल्लीच पाहिजे. सहाव्या मिनिटाला कुरमुरा मान टाकतो. सकाळची भाजी रात्री आणि रात्रीची उद्या, हा जो घरगुती शीतकपाटाचा संप्रदाय आहे, त्यात भेळेला स्थान नाही. तेव्हा डॉक्टरांनी मिताहार सांगावा. मी तो ऐकेन. वडा हा रविवारासारखा आहे. आठवड्याचे सातही वार रविवार झाले तर सुट्टीची गोडी जाईल. पण म्हणून पंचांगातून रविवार काढून टाकावा असे कोणी सुचवीत नाही.

आता तो चौथा, अबोल पक्ष. संस्कृती, घर आणि आरोग्य हे तीन अंगरखे एकावर एक घालून जो आत लपला आहे, तो म्हणजे आपला जुना परिचित विटाळ. पूर्वी तो 'कोणी शिजविले आणि कोणाच्या पंक्तीला खाल्ले?' असे सरळ विचारीत असे. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाची हकीकत सुज्ञ वाचकांस ठाऊक आहेच. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली; कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही; पण गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे छापून आणताच शहरात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, ज्यांचे एकमेकांशी क्वचितच पटे, ते दोघेही एका पेल्याच्या पायी एकाच पिंजऱ्यात उभे राहिले, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. राजद्रोहाहून चहा अधिक भयंकर ठरावा, असे ते दिवस होते.

त्या दिवसांतून आपण बाहेर आलो ते केवळ व्याख्यानांनी नव्हे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना, अस्पृश्य असून पाण्याला शिवले म्हणून, मारहाण झाली; तेव्हा शाहू छत्रपतींनी त्यांना चहाचे दुकान काढावयास साह्य केले. त्या दुकानाकडे कोणी फिरकेना, म्हणून महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा मागवीत, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तो घ्यावयास लावीत. समतेवर शंभर जाहीरनामे काढूनही जे घडले नसते, ते त्या गाडीतल्या एका पेल्याने घडविले. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह काढले, तेही हेच जाणून, की सहभोजनाचा ठराव टाळ्यांनी मंजूर होतो, पण तो अंमलात यावयाला समोर चहा ठेवावा लागतो. या दोघांचे राजकारण भिन्न, विचारसरणी भिन्न. पण जातिभेदाचा किल्ला कोठून फोडावयाचा याविषयी दोघांचे निदान एकच निघाले.

आणि घटनाकारांचेही तेच. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाचे पंधरावे कलम उघडा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही जेथे मज्जाव करता येणार नाही, अशा ठिकाणांत दुकाने, विहिरी, तळी, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा नावानिशी निर्देश आहे. ज्या ग्रंथात राष्ट्रपतीचे अधिकार आणि न्यायालयांची रचना सांगितली आहे, त्या ग्रंथात उपाहारगृह येते, याचा अर्थ गंभीर आहे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली ज्यांना लढावे लागले, ते डॉ. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. पाण्याचा आणि पेल्याचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

सत्ताधाऱ्यांना ही शक्ती पूर्वीपासून माहीत आहे. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स याने १६७५च्या डिसेंबरात लंडनची कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. कारण तेथे बसून लोक राजाविषयी वाटेल ते बोलत. ओरड एवढी झाली की अंमलबजावणीचा दिवस उजाडण्यापूर्वीच ते फर्मान मागे घ्यावे लागले. अनोळखी माणसे एका मेजाभोवती बसली की ती बोलतात, आणि बोलू लागली की एकमेकांना माणसे समजू लागतात, एवढी साधी ही यंत्रणा आहे. दुपारी एकच्या गर्दीत माटुंग्याच्या उडुपी खाणावळीत किंवा धोबी तलावाच्या इराण्याकडे जाऊन पाहा. समोरची खुर्ची रिकामी असेल तर तेथे कोणीही येऊन बसतो. त्याचे आडनाव विचारण्याची सोय नसते आणि कोणाला सवडही नसते. फार तर तो म्हणतो, 'जरा ती चटणी इकडे सरकवता का?' आपण सरकवतो. माझ्या हिशेबी ही लहान घटना नाही. ती सहज वाटावी यासाठी कोणाला चाबूक खावे लागले आहेत आणि कोणाला प्रायश्चित्ते घ्यावी लागली आहेत.

ही सहजता आपण गमावीत तर नाही ना, असा प्रश्न अलीकडे पडू लागला आहे. २०२३ साली मुंबईच्या आय.आय.टी.तील एका वसतिगृहाच्या भोजनालयात काही मेजे केवळ शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आली. त्याविरुद्ध तेथे बसून सामिष खाणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. मार्च २०२४मध्ये झोमॅटोने शाकाहारी अन्न पोचविणारांची निराळी तुकडी काढून तिला हिरवा वेष देण्याचे जाहीर केले; ओरड होताच तो वेष दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. त्याच वर्षी जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यगृहांनी मालकांची नावे पाटीवर लावावीत असा आदेश निघाला. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तिन्ही प्रसंग निराळे. पण तिन्हींतून एकच जुना प्रश्न नवे कपडे घालून उभा आहे: कोणी शिजविले, कोणी आणले, आणि शेजारी कोण बसला?

येथे माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. शाकाहाराचा मला मनःपूर्वक आदर आहे. कोणाच्या ताटात काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि त्याला हवे ते शुद्ध व निर्भेळ मिळावे, यासाठी मी त्याच्या बाजूने भांडेन. परंतु शेजारच्या बाकावर कोणी बसावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या ताटातून उत्पन्न होत नाही. ताट खासगी आहे, बाक सार्वजनिक आहे. ही सीमा पुसली, की पुन्हा पंचहौदापर्यंत चालत जावयास फार वेळ लागणार नाही.

म्हणून बाहेरच्या खाण्याची थट्टा करणारांस माझी विनंती आहे, की त्यांनी ती अवश्य करावी, पण पावाचा तुकडा तोंडात असताना करावी. आपल्या पाट्यांवर 'उपाहारगृह' हा शब्द बहुधा 'उपहारगृह' असा चुकीचा लिहिलेला असतो, आणि भाषाशिक्षकाच्या सवयीने मी इतकी वर्षे मनातल्या मनात ती मात्रा वाढवीत आलो आहे. उपाहार म्हणजे हलके खाणे. उपहार म्हणजे भेट. अशुद्ध ते अशुद्धच, त्यात सवलत नाही. तरी ज्या देशात पाण्याच्या एका घोटासाठी माणसाला माणसाकडून मार खावा लागला, तेथे चार नाणी टाकून कोणालाही कोणाच्याही शेजारी बसून गरम चहा पिता यावा, ही भेट लहान नव्हे. ती ज्यांनी आपल्या हाती दिली त्यांनी पुरेशी किंमत मोजलेली आहे. आपण फक्त बाकावर थोडे सरकून जागा करून द्यावयाची आहे.